गच्ची नसलेल्यांचा सूर्य
(करंजाडे येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्वच्छ ऊर्जेविषयी आपल्या वर्तुळात दोन टोकांच्या वृत्ती आढळतात. कोणी तिला सुखवस्तूंचे चोचले समजतो, तर कोणी सरकारी जाहिरात जशीच्या तशी पदरात घेतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र आधी एवढेच विचारावे, की सार्वजनिक तिजोरीतून निघणारे अनुदान कोणाच्या दारात पोहोचते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ‘पीएम सूर्यघर’ योजना आणली. स्वतःच्या छपरावर तीन किलोवॅटचा सौर संच बसविणाऱ्या घरमालकास ७८,००० रुपये मिळतात. गृहनिर्माण संस्थेने सामाईक वापरासाठी संच बसविल्यास किलोवॅटमागे १८,०००. छप्पर हाती नसलेल्या भाडेकरूच्या पदरात सहसा काहीच पडत नाही. राज्य सरकारने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालील आणि महिना शंभर युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्या कुटुंबांना जादा अनुदान जाहीर केले. हे स्वागतार्ह आहे. परंतु छप्पर आपले हवे, ही अडचण तेथेही उरतेच.

आता या वसाहतीकडे पाहा. विमानतळासाठी गाव सोडावे लागलेली कुटुंबे या परिसरात आहेत आणि मुंबईत घर परवडत नाही म्हणून आलेले भाडेकरूही आहेत. समजा, सात मजली इमारतीत अठ्ठावीस बिऱ्हाडे आहेत आणि गच्ची दोन हजार चौरस फुटांची आहे. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि सावली वगळता निम्मी जागा हाती येईल. किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट लागतात. म्हणजे संच झाला दहा किलोवॅटचा. त्यातून महिन्याला अदमासे बाराशे युनिट, बिऱ्हाडामागे चाळीसच्या आसपास. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे भागतील, इतकेच. (तेही गच्ची संस्थेच्या ताब्यात असेल तर! बिल्डरने हस्तांतरण न केलेल्या इमारतींचे दुःख आपणांस मी काय सांगावे?)

याला आणखी एक पदर आहे. महावितरणच्या दररचनेत शंभर युनिटांच्या आतील ग्राहकाचा दर कमी आणि वरच्या टप्प्यांतील ग्राहकाचा चढा असतो. वरच्याच्या चढ्या दरातून खालच्याला आधार मिळतो. बंगलेवाला सरकारी अनुदान घेऊन या वरच्या टप्प्यातून बाहेर पडला, की तारा, खांब आणि रोहित्रांचा खर्च उरलेल्यांच्या अंगावर येतो. सौर ऊर्जेला यासाठी दोष देणे वेडेपणाचे होईल. दोष आहे तो मालकीच्या पायावर अनुदान वाटण्याच्या पद्धतीत.

आणि नवल असे, की दुसरी पद्धत याच राज्य सरकारने शेतीसाठी स्वीकारली आहे. २०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत, आणि २०२३ मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या टप्प्यात, उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभा राहतो आणि त्याची वीज कृषिवाहिनीत जाते. त्या वाहिनीवरील शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येते. रात्री सापाविंचवाच्या भीतीने बांधावर जावे लागत नाही. पॅनेल त्याच्या मालकीचे आहे काय, असे कोणी विचारीत नाही. प्रकल्प खाजगी कंपन्यांच्या हाती जातात, याला आपला विरोध आहे आणि राहील. परंतु वीज सामाईक वाहिनीतून वाटण्याचे तत्त्व योग्य आहे.

मग शहरातल्या भाडेकरूला हेच का मिळू नये? एका ठिकाणच्या संचातील वीज अनेक ग्राहकांच्या बिलांतून वजा करण्याची सोय दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्ये केली. नवी मुंबईतील रेल्वे स्थानकांच्या आणि सार्वजनिक इमारतींच्या छपरांवर सिडको व महावितरण यांनी सार्वजनिक मालकीचे संच उभारावेत, आणि त्यांतील वाटा शंभर युनिटांच्या आतील ग्राहकांच्या बिलात प्रथम वजा व्हावा, घर कोणाच्याही नावावर असो. भाडेकरूकडून घरमालक पोटमीटरवर मनमानी दर घेतो, तेथे हा लाभ मधल्यामध्ये अडणार नाही, याची तरतूदही नियमातच हवी.

सूर्यघर योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. तेव्हा ही मागणी घेऊन जाण्यापूर्वी प्रत्येक सेक्टरमध्ये किती इमारतींची गच्ची संस्थेकडे आहे, किती बिऱ्हाडे भाड्याची आहेत आणि त्यांपैकी किती पोटमीटरवर आहेत, याची घरोघर जाऊन नोंद करावी लागेल.