मस्ट, मे आणि शॅल: हातातला कागद वाचताना



आज मी तुमच्याशी इंग्रजीतल्या अगदी लहान शब्दांबद्दल बोलणार आहे. कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शुड, शॅल, विल, वुड. शाळेच्या पुस्तकात यांना मोडल ऑक्झिलरी म्हणतात. नाव जड आहे, काम मात्र रोजचं. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी, मुलांच्या शाळेतून आलेलं पत्र, भाड्याच्या घराचा करारनामा, बँकेचा मेसेज, सगळीकडे हे शब्द असतात. आपण मोठे शब्द डिक्शनरीत शोधतो आणि हे लहान शब्द ओलांडून पुढे जातो. पण एखादी गोष्ट करायचीच आहे, केली तर चालेल, की मुळीच करायची नाही, हे ठरवतात ते हेच.

आधी त्यांची बसण्याची जागा पाहू. मराठीत आपण म्हणतो, मी जाऊ शकते, तो जाऊ शकतो, त्या जाऊ शकतात. यात 'जाऊ' आहे तसंच राहतं आणि मागून येणारं 'शकणे' माणसाप्रमाणे बदलतं. इंग्रजीत मदतीचा शब्द आधी येतो आणि कुणासाठीही बदलत नाही. आय कॅन गो, शी कॅन गो, दे कॅन गो. त्याच्या मागचं क्रियापदही साधंच राहतं. म्हणून 'शी कॅन गोज' होत नाही, 'शी कॅन गोइंग' होत नाही आणि 'शी कॅन टू गो'ही होत नाही. 'आय वॉन्ट टू गो' आपल्या तोंडात बसलेलं असतं, म्हणून हा 'टू' मध्ये घुसतो. वॉन्टला टू लागतो. कॅन, मे, मस्ट, शुड यांना लागत नाही. ऑट टू आणि हॅव टू यांच्यात मात्र टू असतोच. त्यातला हॅव टू माणसाप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलतो: शी हॅज टू गो, तिला जावं लागतं, शी हॅड टू गो, तिला जावं लागलं.

आणखी एक. यातले दोन शब्द शेजारी शेजारी बसत नाहीत. 'मी उद्या येऊ शकेन' याचं 'आय विल कॅन कम' करू नका. 'आय विल बी एबल टू कम' म्हणा. नाहीतर सरळ 'आय कॅन कम टुमॉरो' म्हणा.

आता शब्दयोगी अव्ययाकडे येऊ, म्हणजे प्रिपोझिशनकडे. आपल्याकडे ते नामाला मागून चिकटतं: जेवणाबरोबर, डॉक्टरांशी, मुलासाठी. इंग्रजीत ते नामाच्या आधी येतं, आणि पुष्कळदा क्रियापदाशी त्याची जोडीच ठरलेली असते. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, लुक फॉर म्हणजे शोधणं, लुक इंटू म्हणजे चौकशी करणं. क्रियापद एकच, शेपूट बदललं की काम बदललं. आधी कॅन आला, मस्ट आला किंवा शुड आला, तरी ही जोडी फुटत नाही. 'कॅन यू लुक आफ्टर द बेबी?' म्हणजे बाळाला सांभाळशील का? 'दे मस्ट लुक इंटू इट' म्हणजे त्यांनी याची चौकशी केलीच पाहिजे.

प्रश्न विचारताना हे शेपूट वाक्याच्या टोकाला जाऊन बसतं. दवाखान्याच्या काउंटरवर विचारायचं असेल, 'मी कुणाशी बोलू?' तर 'हू कॅन आय स्पीक टू?' शेवटचा टू गाळू नका, त्या टूमध्येच आपला 'शी' आहे.

औषधाच्या चिठ्ठीवर बहुधा कर्मणी वाक्य असतं. 'मस्ट बी टेकन विथ फूड' याचे तीन तुकडे करा. मस्ट म्हणजे हे केलंच पाहिजे. बी टेकन म्हणजे घेतलं जाणं. विथ फूड म्हणजे जेवणाबरोबर. दुसऱ्या चिठ्ठीवर असेल, 'शुड नॉट बी टेकन ऑन ॲन एम्प्टी स्टमक', म्हणजे रिकाम्या पोटी घेऊ नये. 'मे कॉज ड्राउझिनेस' असेल तर गुंगी येऊ शकते. येईलच असं नाही, पण स्कूटी बाहेर काढण्याआधी विचार करा, हे त्या 'मे'ने सांगितलेलं असतं.

आता खरी घसरण्याची जागा. मस्ट आणि हॅव टू सरळ वाक्यात जवळजवळ सारखे वाटतात. 'यू मस्ट टेक इट', 'यू हॅव टू टेक इट', दोन्हींचा अर्थ घ्यावंच लागेल. पण नकार आला की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. 'यू मस्ट नॉट टेक इट' म्हणजे घ्यायचं नाही, मनाई आहे. 'यू डोन्ट हॅव टू टेक इट' म्हणजे घ्यायची गरज नाही, घेतलं तरी चालतं. मराठीत आपण दोन्हींसाठी सहज 'घ्यायला नको' म्हणून जातो आणि ऐकणारी सुराने अर्थ लावते. कागदाला सूर नसतो. म्हणून घरच्यांना समजावून सांगताना 'घ्यायचंच नाही' की 'घ्यायची गरज नाही', हे फोडून सांगा. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळीबाबत हा फरक लहान नाही. आणि चिठ्ठीवरच्या शब्दाने शंका आलीच, तर अंदाज न करता डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला विचारा.

या शब्दाच्या मागे कोणतं क्रियापद येतं, यालाही फार वजन असतं. त्याचं मोठं उदाहरण आपल्या संविधानात आहे. 1950 साली संविधान लागू झालं तेव्हा कलम 45 मध्ये शिक्षणाबद्दल लिहिलं होतं. चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याबद्दलचं ते कलम. पण इंग्रजी शब्द होते 'शॅल एन्डेव्हर टू प्रोव्हाइड'. कायद्याच्या भाषेत शॅल म्हणजे बंधन. पण बंधन कशाचं? एन्डेव्हरचं, म्हणजे प्रयत्न करण्याचं. 2002 साली 86 वी घटनादुरुस्ती झाली आणि कलम 21 क आलं. त्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी शब्द आले 'शॅल प्रोव्हाइड'. शॅल तोच, पण मधला 'प्रयत्न' गेला. आता देणं हेच बंधन झालं, आणि तो मुलांचा मूलभूत हक्क झाला. 1 एप्रिल 2010 पासून हे कलम आणि शिक्षण हक्क कायदा दोन्ही लागू झाले.

त्याच वाक्यात पुढे एक 'मे'ही आहे. शिक्षण कोणत्या रीतीने द्यायचं ते सरकारने कायद्याने ठरवावं, तिथे तो मे येतो. म्हणजे द्यायचं की नाही, यात शॅल. कसं द्यायचं, यात मे. आणि सहा वर्षांच्या आतल्या मुलांची काळजी आणि शिक्षण यांच्यासाठी कलम 45 मध्ये आजही 'शॅल एन्डेव्हर टू प्रोव्हाइड'च आहे. शाळेच्या वयाचं पोर आणि अंगणवाडीच्या वयाचं पोर यांच्यामध्ये संविधानात एका क्रियापदाचं अंतर आहे. घरभाड्याच्या करारातही असंच वाचा. 'शॅल पे' कुणाच्या नावापुढे आहे आणि 'मे' कुणाच्या, ते सही करण्याआधी पाहा.

शेवटची गोष्ट, पत्र लिहिताना उपयोगी पडणारी. फॉर, बिफोर, विदाउट अशा प्रिपोझिशनच्या लगेच मागे कॅन किंवा मस्ट कधीच येत नाही. तिथे क्रियापदाला आयएनजी लागतं. 'बिफोर टेकिंग द टॅब्लेट', गोळी घेण्याआधी. मग 'येऊ न शकल्याबद्दल क्षमस्व' कसं लिहायचं? कॅनच्या जागी बीइंग एबल टू घ्यायचं: 'आय ॲम सॉरी फॉर नॉट बीइंग एबल टू कम.' मुलांच्या शाळेत पालकसभेला जाणं जमलं नाही, तर हे एक वाक्य पुरेसं आहे.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एक काम करा. घरातला कुठलाही एक इंग्रजी कागद घ्या. त्यातल्या कॅन, मे, मस्ट, शुड, शॅल या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा. मग त्याच्या पुढचं क्रियापद वाचा, आणि मग त्याला चिकटलेलं प्रिपोझिशन. त्या तीन शब्दांचा मराठीत अर्थ बोलून पाहा. कागदातले बाकीचे शब्द सगळे कळले नाहीत तरी चालेल. आपल्याला काय करायचंच आहे, काय करता येईल आणि काय करायचं नाही, एवढं त्यातून हाती लागतं.