शब्द, व्याख्या आणि वाक्य
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मराठी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात इंग्रजी शब्दांविषयी बोलावे, हे काहींना विसंगत वाटेल. परंतु आपली मुले घरात मराठी, शेजारी या प्रांताची भाषा आणि शाळेत इंग्रजी अशी वाढत असतात. परीक्षांसाठी ती कठीण इंग्रजी नामांच्या याद्या पाठ करतात. एका बाजूस शब्द, दुसऱ्या बाजूस एकच प्रतिशब्द. या घोकंपट्टीने इंग्रजी पक्के होत नाही आणि मराठीही मागे पडते, ही माझी चिंता आहे.

एक प्रतिशब्द का पुरत नाही? आम्हां सरकारी नोकरांच्या नित्य परिचयाचा ‘सँक्शन’ हा शब्द घ्या. कचेरीत त्याचा अर्थ मंजुरी. पण एखाद्या राष्ट्रावर ‘सँक्शन्स’ लादल्याची बातमी येते तेव्हा अर्थ होतो निर्बंध. ‘ओव्हरसाइट’चेही तसेच. खर्चावर संसदेची ‘ओव्हरसाइट’ असते, म्हणजे देखरेख. आणि टिपणीत एखादा आकडा राहून गेला तर तीही ‘ओव्हरसाइट’च, म्हणजे नजरचूक! देखरेख आणि नजरचूक एकाच शब्दाच्या पोटात नांदतात. कोणता अर्थ घ्यावयाचा, हे यादी सांगत नाही, वाक्य सांगते. व्याख्या शब्दाची सीमा आखते, वाक्य त्याचा संसार दाखविते.

हे मर्म कोशकारांनी फार पूर्वी ओळखले. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या कोशात व्याख्यांबरोबर थोर लेखकांची वाक्ये दिली. जपानात इंग्रजी शिकविणाऱ्या हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह परभाषिक विद्यार्थ्यांसाठी कोश रचला. तो १९४२ मध्ये तोक्योत व १९४८ मध्ये ऑक्सफर्डतर्फे निघाला. नाम मोजता येणारे आहे की न येणारे, हेही त्यात दाखविले होते. आपल्या मुलांना याची विशेष गरज आहे. मराठीत आपण ‘माहित्या’ म्हणत नाही, पण ‘सल्ले’ मात्र म्हणतो. म्हणून मुले इंग्रजीत ‘अॅडव्हायसेस’ लिहून मोकळी होतात. चांगले उदाहरणवाक्य ही चूक न बोलता सुधारते.

याच वाटेने परकीयांनी आपली भाषाही आत्मसात केली. कंपनी सरकारच्या लष्करातील अधिकारी मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली त्याची सुधारित आवृत्ती झाली. एकेका मराठी शब्दाच्या अर्थच्छटा उलगडण्यासाठी त्यांनी घेतलेले श्रम पाहून आजही मान लवते.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, एक वही करा. रोज दोनच नामे घ्या. प्रथम शब्दाची व्याख्या स्वतःच्या शब्दांत लिहा. मग कोशातील वाक्य उतरवा. त्याखाली आपल्या घरातील प्रसंगावर एक वाक्य रचा. शेवटी आईवडिलांना किंवा आजीला विचारा, ‘याला मराठीत काय म्हणाल?’ ‘डिस्क्रिशन’ची व्याख्या पाठ होणार नाही कदाचित, पण कोणाचे गुपित कोठे बोलावे व कोठे गिळावे हे जाणणारी आजी डोळ्यांसमोर आली, की ‘तारतम्य’ हा शब्दही ओठांवर येईल. एका श्रमात दोन भाषा जोडल्या जातील.

आपणां सर्वांच्या जिव्हाळ्याचा एक शब्द सांगतो: ‘नॉस्टॅल्जिया’. योहानेस होफर यांनी १६८८ साली बाझेल येथील वैद्यकीय प्रबंधात तो घडविला. ग्रीक भाषेतील ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ या दोन शब्दांपासून. घरापासून दूर राहणाऱ्यांना जडणाऱ्या आजाराचे ते नाव होते. पुढे अर्थ पालटून गतकाळाची ओढ असा झाला. मराठीत आपण त्याला ‘स्मरणरंजन’ म्हणतो. पाहा, मूळ शब्दात वेदना आहे, आपल्या शब्दात रंजन! हा भेद ज्याला उमगला, त्याला दोन्ही भाषा उमगल्या.

आपल्या मुलांनी इंग्रजीत अवश्य प्रावीण्य मिळवावे. मात्र त्या शब्दांचा अर्थ घरात मराठीतून बोलला जावा. पन्नास वर्षे या मंडळाने सण जपले, नाटके जपली. यापुढे आठवड्यातून एक संध्याकाळ शब्दांसाठी राखावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.