जमीन मिळाली, पण नवरी मिळेना

बसमध्ये इअरफोन लावून बसलेले, भांडी घासता घासता ऐकणारे, आणि ऐकायला वेळ नाही म्हणून इथे हा मजकूर वाचणारे, सगळ्यांचं स्वागत.

आज आपण फ्रान्सच्या खेड्यात जाणार आहोत. सुरुवात एका नाचापासून.

फ्रान्सच्या नैऋत्येला, पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी बेआर्न नावाचा मुलूख आहे. तिथल्या एका गावात नाताळची रात्र. कॅफेच्या मागच्या खोलीत गाणी चाललीयेत. मधे उजेडात दहा-बारा जोडपी नाचतायत. आणि कडेला काही वयाने मोठे पुरुष उभे आहेत. डोक्यावर बेरे टोपी, अंगात जुन्या फॅशनचा काळपट सूट. नाचत कोणीच नाही. नुसते बघतायत. मध्यरात्रीच्या सुमाराला एकेक करून निघून जातात.

हे दृश्य लिहून ठेवलंय पियेर बुर्दियू या समाजशास्त्रज्ञाने, १९६२ सालच्या एका लेखात. तो स्वतः याच मुलखातला. वडील आधी बटईने शेती करायचे, मग पोस्टात लागले. म्हणजे कडेला उभे असलेले लोक त्याच्यासाठी ‘अभ्यासाचा विषय’ नव्हते, ओळखीचेच होते.

आता गंमत बघा. या पुरुषांतले बरेचसे घरचे थोरले होते. जमिनीचे वारस. पूर्वी ज्यांच्या घरी आधी सोयरीक यायची, तेच आता बिनलग्नाचे. आपल्याकडे ‘मुलगा शेती करतो’ म्हटल्यावर पुढची बोलणी कशी थंडावतात, हे गावाकडच्या श्रोत्यांना मी सांगायला नको. पण फ्रान्समध्ये हे कसं झालं? त्यासाठी थेट क्रांतीपर्यंत मागे जावं लागतं.

१७८९ चा उन्हाळा. शेतकऱ्याच्या डोक्यावर जमीनदाराची देणी, चर्चचा दशांश, राजाचा कर आणि वर मिठावरचा कर. अफवा पसरल्या, लोक जमीनदारांच्या वाड्यांवर चालून गेले. आणि त्यांनी जाळलं काय? बऱ्याच ठिकाणी कागद. कोणाकडून किती येणं, याच्या नोंदवह्या. मी सॉफ्टवेअरवाला, मला हे वाचून हसू आलं: सर्व्हरच पेटवला, बॅकअप नाही, आता वसुली कशाच्या जोरावर करणार? ४ ऑगस्टच्या रात्री व्हर्सायमधल्या सभेने सरंजामी हक्क संपल्याचं जाहीर केलं. पण बरीच देणी पैसे भरून सोडवून घ्या, अशी मेख होती. ती मोबदल्याशिवाय रद्द व्हायला १७९३ चा जुलै उजाडला.

चर्चची जमीन सरकारने ताब्यात घेऊन विकली, पण लिलावात पैसेवालेच पुढे. शहरातले व्यापारी, वकील आणि गावातले सधन शेतकरी. भूमिहीनाच्या हाती फारसं लागलं नाही.

माझ्या मते खेड्यावर खरा खोल परिणाम केला तो वारसा कायद्याने. क्रांतीने सांगितलं, सगळ्या मुलांना समान वाटा, मुलींनासुद्धा. १८०४ च्या नागरी संहितेत तो जरा सैल झाला: तीन किंवा जास्त मुलं असतील तर बापाने मालमत्तेचा फक्त चौथा हिस्सा मर्जीने कोणालाही द्यावा, बाकी सगळ्यांत सारखा.

बेआर्नमध्ये मात्र तोपर्यंत रीत वेगळी होती. घर मोठं, माणूस छोटा. घर आणि जमीन अख्खी थोरल्याकडे जायची, धाकट्यांना रोख वाटा किंवा हुंडा. आता कायदा आड आला तर काय करायचं? पळवाट. तो चौथा हिस्सा थोरल्याला जादा द्यायचा, जमिनीची किंमत कमी लावायची, आणि धाकट्यांनी घरासाठी गप्प राहायचं. थोरल्याची बायको हुंडा आणायची, त्यातून नणंदांची लग्नं व्हायची. एका लग्नावर दुसरं लग्न उभं. त्यामुळे थोरल्याला मनाला येईल तिच्याशी लग्न करता यायचं नाही. तो वारस होता खरा, पण अडकलेलाही तोच होता. काही धाकटे आयुष्यभर अविवाहित राहून भावाच्याच शेतात राबायचे.

ही व्यवस्था क्रांतीनंतरही शंभरेक वर्षं तगली. ती कायद्याने मोडली नाही. पहिल्या महायुद्धानंतर महागाईने पैशाची किंमतच घसरली आणि हुंड्याचं गणित कोसळलं. त्याच्याही आधी शाळा आली होती. १८६३ च्या सरकारी पाहणीत सदतीस हजारांवर गावांपैकी ८,३८१ गावांत फ्रेंच बोलली जात नव्हती! म्हणजे क्रांतीला सत्तर वर्षं उलटून गेल्यावर. मग १८८१-८२ मध्ये शिक्षणमंत्री ज्यूल फेरीने प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. रस्ते आले, रेल्वे आली, सक्तीची लष्करी नोकरी आली.

आणि इथेच मुलींची गोष्ट सुरू होते. मुलगा शाळेतून सुटला की शेतात. मुलीला शेताचं ओझं नव्हतं, तिच्या नावावर घरही होणार नव्हतं, म्हणून तिची नजर बाहेर गेली. ती फ्रेंच सफाईने बोलू लागली, शहरी कपडे, नवे नाच शिकली. वाड्यावस्त्यांवरचा मुलगा नांगरामागे चालून चालून जड पावलांचा झालेला, तो चा-चा-चा काय नाचणार? बुर्दियूचं हे निरीक्षण मला फार भिडतं. त्या मुलाला स्वतःच्या अंगाचीच लाज वाटायला लागते, कारण तो स्वतःकडे आता शहराच्या डोळ्यांनी बघतो.

मुलींना गावंढळ नवरा नको होता, एवढंच नाही. लग्न करून जायचं ते सासूच्या घरात. रश्शाचा डाव कोणाच्या हातात, यावर घरात कोणाचं चालतं ते ठरायचं, आणि सासू तो डाव सहज सोडत नसे. शहरातल्या पोस्टमनशी लग्न केलं तर निदान स्वयंपाकघर स्वतःचं.

दुसऱ्या महायुद्धानंतर तर वेगच आला. झां फुरास्तिए या अर्थतज्ज्ञाने द्वेल नावाच्या गावाचे आकडे दिलेत. १९४६ मध्ये तिथे ५३४ माणसं, त्यातले शेतीत काम करणारे २०८, ट्रॅक्टर २. १९७५ मध्ये माणसं ६७०, शेतीत ५३, ट्रॅक्टर ४०. गाव ओस पडलं नाही, उलट वाढलं. फक्त ते शेतकऱ्यांचं गाव राहिलं नाही. १९६२ मध्ये सरकारने म्हाताऱ्या शेतकऱ्यांना शेती सोडली तर आयुष्यभर भत्ता देऊ केला, म्हणजे जमीन तरुणांकडे जाईल. आणि अशा सुधारणांचा आग्रह धरणाऱ्यांत खुद्द तरुण शेतकऱ्यांच्या संघटना होत्या! १९७० मध्ये देशात सुमारे १६ लाख शेती-घटक होते. २०२० च्या गणनेत ३ लाख ९० हजार.

एक गोष्ट मात्र खूप उशिरा बदलली. शेतकऱ्याची बायको पहाटेपासून राबायची, पण कागदोपत्री ती ‘कामधंदा नसलेली’. फ्रान्समध्ये ‘गाएक’ नावाची शेतकऱ्यांची भागीदारी संस्था असते, १९६२ पासून. बाप-लेक ती काढू शकत होते, भाऊ-भाऊ काढू शकत होते. फक्त नवरा आणि बायको, दोघंच, असं चालायचं नाही. ती परवानगी कायद्याने आली २०१० मध्ये.

तुमच्या घरच्या सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत? कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात.