मस्टरपासून कायद्यापर्यंत



कायदे कुठे होतात, असं विचारलं तर आपण पटकन उत्तर देतो : दिल्लीत, मुंबईत, आणि हिवाळ्यात नागपुरात. मतदान तिथेच होतं, त्यामुळे उत्तर चुकीचं नाही. पण त्या मतदानाआधी बरंच काही घडलेलं असतं. आज मी एका कायद्याची जन्मकथा सांगणार आहे. त्याची मागणी लावून धरली ती दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या आणि मातीच्या पाट्या वाहणाऱ्या मजुरांनी, आणि तो आज आपल्या प्रत्येकाच्या हाती आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५.

ही कथा मध्य राजस्थानातली. राजसमंद, अजमेर, पाली, भीलवाडा हे जिल्हे तेव्हा जिथे एकमेकांना लागत, तो भाग खडकाळ आणि कमी पावसाचा. शेतीवर वर्ष निघत नाही, म्हणून माणसं सरकारी दुष्काळी कामांवर जायची. रस्ता, तळं, बंधारा. आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली, पाझर तलाव खणले, त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. दिवसभर राबायचं आणि पगाराच्या दिवशी हातात किमान वेतनापेक्षा कमी पैसे पडायचे. का, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं : तुमचं काम मापात कमी भरलं, मस्टरवर तसं लिहिलंय. मग मस्टर दाखवा, म्हटलं की त्याचंही उत्तर ठरलेलं : ते सरकारी कागद आहेत, गुप्त आहेत. सरकारी गुपितांचा कायदा इंग्रजांनी १९२३ मध्ये केला. मजुराच्या हजेरीचा कागद मजुरापासून लपवायलाही त्याच कायद्याकडे बोट दाखवलं जात होतं.

या मजुरांबरोबर पुढे उभ्या राहिलेल्या अरुणा रॉय यांनी भारतीय प्रशासकीय सेवेची नोकरी १९७५ मध्ये सोडली होती. १९८७ मध्ये त्या आणि त्यांचे सहकारी निखिल डे व शंकर सिंह याच भागातल्या देवडुंगरी नावाच्या छोट्या गावात एका मातीच्या घरात राहायला आले. आजूबाजूच्या गावांतल्या मजुरांना आणि शेतकऱ्यांना बरोबर घेऊन १ मे १९९० रोजी मजदूर किसान शक्ती संघटन उभं राहिलं. सुरुवातीची लढाई किमान वेतनाचीच होती. त्यासाठी उपोषणं झाली, धरणी झाली. पण प्रत्येक लढाई येऊन अडायची ती त्याच जागी, कागदापाशी. कागद हातात नाही, तोवर आपलं म्हणणं खरं ठरत नाही, हे मजुरांना कळून चुकलं. कसलंही पुस्तक न वाचता ती माणसं या मुद्द्यापर्यंत आली होती.

मग त्यांनी जनसुनवाई सुरू केली, म्हणजे गावाच्या उघड्या चौकात भरवलेली सुनावणी. पहिली झाली २ डिसेंबर १९९४ रोजी, तेव्हा पाली जिल्ह्यात असलेल्या कोट किराना इथे. मिळतील ते मस्टर, बिलं, पावत्या मिळवायच्या आणि गावासमोर मोठ्याने वाचायच्या. एवढंच करायचं. पण त्याने काय झालं बघा. मस्टरवर मेलेल्या माणसांची नावं निघाली. पोटासाठी कधीच परगावी गेलेल्यांच्या हजेऱ्या लागलेल्या निघाल्या. अर्धवट पडलेली बांधकामं कागदावर पूर्ण झालेली होती. ज्याचं नाव वाचलं जाई तो माणूस किंवा त्याच्या घरातलं कुणी तिथेच उभं राहून सांगे, मी या कामावर गेलोच नाही, हा अंगठा माझा नाही. भाषणाला उत्तर देता येतं, आरोप झटकता येतो. सगळ्या गावाच्या साक्षीने वाचलेला कागद झटकणं फार अवघड असतं.

या सुनावण्यांचा बोलबाला जयपूरपर्यंत पोचला. ५ एप्रिल १९९५ रोजी मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विधानसभेत जाहीर केलं, की ग्रामविकासाच्या कामांचे कागद आणि त्यांच्या नकला लोकांना मिळतील. बातमी वर्तमानपत्रात आली. लोकांनी ते कात्रण जपून ठेवलं आणि वाट पाहिली. महिने गेले, वर्ष गेलं, आदेश काही निघाला नाही.

श्रोतेहो, बहुतेक आंदोलनं इथेच संपतात. सभागृहात आश्वासन मिळतं, आपण टाळ्या वाजवतो, हार घालतो आणि घरी जातो. हे लोक घरी गेले नाहीत. घोषणेला वर्ष पूर्ण होताच, ६ एप्रिल १९९६ रोजी, ब्यावर शहरातल्या चांग गेटपाशी त्यांनी धरणं धरलं. सरकारने घाईने एक आदेश काढला : कागद बघता येतील, पण नक्कल मिळणार नाही. मजुरांनी तो मान्य केला नाही. नक्कल हातात नसेल तर पुरावा कसला? धरणं चाळीस दिवस चाललं. गावोगावची माणसं पाळीपाळीने येऊन बसली, येताना घरचं धान्य घेऊन आली. शहरातले दुकानदार, कामगार संघटना, शिक्षक त्यांना येऊन मिळाले.

त्याच सुमारास संघटनेतल्या एका बाईला दिल्लीत पत्रकारांनी विचारलं, तुम्हाला माहितीचा हक्क कशाला हवा? ती चौथीपर्यंत शिकलेली. तिचं उत्तर थोडक्यात असं होतं : मुलाला दहा रुपये देऊन बाजारात पाठवलं तर आल्यावर मी हिशेब विचारते. सरकार माझ्या नावावर लाखो रुपये खर्च करतं, तर त्याचा हिशेब मी विचारू नको का? या कायद्यावर पुढे विद्वानांनी पुष्कळ लिहिलं, पण यापेक्षा नेमकं कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

पुढच्या वर्षी जयपूरमध्ये पुन्हा धरणं झालं, त्रेपन्न दिवसांचं. त्याच्या शेवटी उपमुख्यमंत्र्यांनी सांगितलं, की पंचायतीच्या कागदांच्या नकला देण्याची अधिसूचना तर सहा महिन्यांपूर्वीच निघाली आहे. माहिती देण्याचा आदेश निघाला होता आणि तो मागणाऱ्यांनाच त्याचा पत्ता नव्हता. लोक जागे राहिले नाहीत तर मिळालेला हक्कसुद्धा कपाटात पडून राहतो, याचा यापेक्षा मोठा दाखला कोणता?

दरम्यान ही मागणी राजस्थानाबाहेर पडली होती. १९९६ मध्ये लोकांच्या माहिती अधिकारासाठी राष्ट्रीय पातळीवर एक मोहीम सुरू झाली. तिच्यात मजुरांबरोबर पत्रकार, वकील, निवृत्त अधिकारी आले. कायद्याचा एक सुरुवातीचा मसुदा प्रेस कौन्सिलच्या पुढाकाराने तयार झाला आणि तेव्हा कौन्सिलचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती पी. बी. सावंत, आपल्या महाराष्ट्राचे. १९९७ मध्ये तामिळनाडूने आणि गोव्याने आपापले कायदे केले. महाराष्ट्रात २००० साली झालेला कायदा फार दुबळा होता. अण्णा हजारे आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी तो मान्य केला नाही. २००२ मध्ये नवा अध्यादेश निघाला, ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर अण्णांचं उपोषण झालं आणि त्याच सुमारास राष्ट्रपतींची संमती येऊन राज्याला चांगला कायदा मिळाला. पुढे देशाच्या कायद्यात त्यातल्या अनुभवाचा उपयोग झाला.

केंद्रातही पहिलं पाऊल अर्धंच पडलं. २००२ मध्ये संसदेने एक कायदा केला, पण तो लागूच झाला नाही. डिसेंबर २००४ मध्ये नवं विधेयक आलं, ते फक्त केंद्र सरकारच्या कार्यालयांपुरतं. म्हणजे ज्या ग्रामपंचायतीच्या मस्टरवरून सगळं सुरू झालं, तीच बाहेर राहणार होती. मोहिमेच्या लोकांनी संसदेच्या स्थायी समितीपुढे आपलं म्हणणं मांडलं, खासदारांना भेटून एकेक कलम समजावून सांगितलं. विधेयकात शंभरावर दुरुस्त्या झाल्या. मे २००५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून कायदा जम्मू-काश्मीर वगळता देशभर लागू झाला. कोट किरानाच्या त्या सुनावणीला तेव्हा अकरा वर्षं होत आली होती.

ही कथा मी एवढ्या विस्ताराने सांगितली, कारण लोकप्रतिनिधींकडून काम करून घेण्याची रीत तिच्यात दिसते. पहिलं म्हणजे, या मजुरांची मागणी मोघम नव्हती. भ्रष्टाचार संपवा, असं ते म्हणाले नाहीत. अमुक कामाच्या मस्टरची नक्कल द्या, असं म्हणाले. मोघम मागणीला कुणीही हो म्हणतो, कारण तिच्यात करायचं काय ते ठरलेलंच नसतं. नेमक्या मागणीला हो किंवा नाही म्हणावं लागतं. दुसरं असं, की त्यांच्या बोलण्याला कागदाचा आधार होता. आणि तिसरं, मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते : त्यांनी आश्वासनाची तारीख लक्षात ठेवली. आमदाराला, मंत्र्याला आपण निवेदन देतो, फोटो निघतो. त्या निवेदनाचं पुढे काय झालं, हे तीन महिन्यांनी विचारायला कितीजण जातात? विचारणारं कुणी नसेल, तर चांगल्या मनाच्या आमदाराच्या टेबलावरही ते कागदांच्या ढिगात खाली जातं.

आणखी एक गोष्ट. आमदार म्हणजे केवळ सभामंडप आणि रस्त्याचा निधी आणणारा माणूस नव्हे. तो विधानसभेत तारांकित प्रश्न विचारू शकतो, लक्षवेधी सूचना मांडू शकतो, अशासकीय विधेयक आणू शकतो. रोजगार हमी योजनेसाठी तर आपल्या विधिमंडळाची स्वतंत्र समिती आहे. विनंती अर्जांसाठीही समिती आहे. ही आयुधं आपल्या प्रतिनिधीच्या हाती आहेत, पण ती चालवायला त्याला दारूगोळा लागतो, आणि तो आपल्याकडेच असतो. शाळेत किती महिने शिक्षक नाही, आरोग्य उपकेंद्राला कुलूप कधीपासून, कोणत्या कामाची मजुरी किती आठवडे थकली, हे गावाला जितकं ठाऊक असतं तितकं मंत्रालयाला नसतं. तारखा, आकडे आणि कागदाच्या प्रती जोडून अधिवेशनाच्या आधी एक पान आमदाराला द्या. त्याचा प्रश्न तयारच होतो.

हा हक्क मिळाला म्हणजे कायमचा मिळाला, असंही समजू नका. २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांची पाच वर्षांची ठरलेली मुदत गेली. ती आणि त्यांचं वेतन ठरवणं आता केंद्र सरकारच्या हाती आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं एक महत्त्वाचं कलम बदललं. पूर्वी त्या कलमातच तरतूद होती, की खासगी माहितीसुद्धा व्यापक लोकहितासाठी देता येईल. त्याच कलमात एक वाक्य होतं, की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही माणसाला नाकारता येणार नाही. नागरिकाला आमदाराच्या बरोबरीने उभं करणारं ते वाक्य होतं. बदललेल्या कलमात ते नाही. व्यापक लोकहितासाठी माहिती देण्याची सर्वसाधारण तरतूद कायद्यात दुसरीकडे अजून आहे, पण मस्टरवरची नावं उद्या खासगी माहिती म्हणून नाकारली जातील का, ही भीती खोटी नाही. माझं स्पष्ट मत आहे, की ही दुरुस्ती मागे घेतली पाहिजे आणि त्यासाठी प्रत्येक खासदाराला त्याच्या मतदारसंघातून विचारणा झाली पाहिजे.

जे हातात आहे, ते तरी आपण वापरतो का? अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तोही नको. तीस दिवसांत उत्तर, न मिळालं तर प्रथम अपील, मग राज्य माहिती आयोग. आयोगाकडे अपिलं फार काळ पडून राहतात, हे खरं आहे. पण पुष्कळदा अर्जाचीही गरज नसते. २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने ठरवून दिलं, की जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना अभिलेख पाहायला मिळावेत. आणि ग्रामसभा तर आहेच. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना ग्रामसभा भरवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. झेंड्याला सलामी देऊन आपण लगबगीने घरी परततो आणि ग्रामसभेच्या सतरंजीवर पाच-पंचवीस माणसं उरतात. गावातल्या स्त्रिया तर फार कमी असतात. राजस्थानातल्या त्या धरण्यावर पुढे बसलेल्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, हे विसरू नका.

म्हणून तुम्हाला माझी एक विनंती आहे. येत्या ग्रामसभेला जा, शहरात असाल तर प्रभागाच्या कार्यालयात जा. एकच प्रश्न घ्या, ज्याची झळ तुम्हाला स्वतःला लागते आहे. त्याचा एक कागद मागा. तो चार माणसांत मोठ्याने वाचा. मग तोच कागद जोडून आमदाराला निवेदन द्या, त्याची पोच घ्या आणि कॅलेंडरवर तीन महिन्यांनंतरच्या तारखेला खूण करा. त्या दिवशी पुन्हा जा. एकटे जाऊ नका, शेजाऱ्याला बरोबर घ्या.