कार्डाचे दार
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



आपल्या इमारतीला कार्डाने उघडणारे दार बसणार आहे. यंत्र बसवणारा माणूस त्याचे काम उरकून जाईल. पण त्यात नावे, वेळा आणि अधिकार काय भरायचे, हे आपण ठरवायचे. आयुष्य बँकेत गेले, म्हणून त्याच नजरेने चार शब्द सांगतो.

कार्ड फ्लॅटच्या नावावर नको, माणसाच्या नावावर हवे. प्रत्येक कार्डाला क्रमांक असतो. तो रजिस्टरमध्ये सहीनिशी नोंदवा. कार्ड हरवले तर तेवढाच क्रमांक रद्द होतो, कुलूप बदलावे लागत नाही. मात्र हरवल्याचे त्याच दिवशी कळवले पाहिजे. भाडेकरूच्या कार्डाला कराराची शेवटची तारीख घाला. घरकामाच्या मावशींनाही त्यांच्या वेळेचे कार्ड द्या. रोज त्यांना दारात ताटकळत ठेवू नका.

दुसरे, यंत्राचा मुख्य पासवर्ड. बँकेत स्ट्राँगरूमच्या किल्ल्या दोघांकडे असतात, एकट्याला उघडता येत नाही. अविश्वास म्हणून नव्हे, उद्या कोणावर बोट येऊ नये म्हणून. पासवर्ड सचिव आणि खजिनदार दोघांना माहीत असावा, एक प्रत सीलबंद पाकिटात असावी, आणि समिती बदलली की तो बदलावा. कंपनीने घालून दिलेला पासवर्ड तर पहिल्याच दिवशी बदला.

मी मूळचा उमरठचा, तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे त्या गावचा. १६७० साली कोंढाण्याचे दरवाजे बंदच होते, पहाराही होता. मावळे चढले ते कड्यावरून, जिथून कोणी येईल असे किल्लेदाराला वाटले नव्हते! आपला कडा म्हणजे पंपाकडचे मागचे दार. पुढे कार्ड आणि मागे दाराला विटेची अडण, हे चालायचे नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. आत येताना कार्ड लागू दे, पण बाहेर पडायला कार्ड लागता कामा नये. चुंबकी कुलूप वीज असेपर्यंतच धरून ठेवते, वीज गेली की सुटते. दुसऱ्या प्रकारची कुलपे वीज गेल्यावर बंदच राहतात. जिन्याच्या वाटेवर पहिलाच प्रकार हवा. चुंबकी कुलपाला बॅटरी जोडली तर वीज गेल्यावरही ते काही काळ धरून राहते, म्हणून आतून वीज तोडणारे आणीबाणीचे बटण हवेच. २०२१ च्या जुलैत सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले, ते आपण विसरलेलो नाही. तशा रात्री अंधारात म्हाताऱ्या माणसाने खिशात कार्ड शोधत बसायचे का? यंत्राची पेटीही तळमजल्यावर नको, पुराच्या पातळीच्या वर बसवा.

शेवटचा मुद्दा. देखभाल खर्च थकवणाऱ्याचे कार्ड बंद करा, अशी सूचना कानावर आली. सूचना करणाऱ्यांचा राग मी समजू शकतो, वसुलीत मीही केस पिकवले आहेत. पण थकबाकीसाठी सहकार कायद्यात वसुली दाखल्याची रीतसर वाट आहे, ती धरा. बाप थकबाकीदार म्हणून शाळेतून आलेली पोर दाराबाहेर उभी राहणार असेल, तर २५ वर्षांत आपण फक्त इमारत सांभाळली, शेजार नाही.

म्हणून माझी विनंती आहे की ही नियमावली आधी सर्वसाधारण सभेत मंजूर करा आणि मगच यंत्र सुरू करा. दार कोणासाठी उघडायचे, हे माणसांनी ठरवायचे असते.