बाळाची लस आणि घराचा हिशोब

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने विषय दिला आहे बालकांच्या लसीकरणाचा. लसीने आजार टळतो हे सांगायला डॉक्टर आहेत. आम्ही पगाराच्या चिठ्ठीवर खाडे मोजत आयुष्य काढले, म्हणून आम्ही पैशाचाच हिशोब मांडणार. कारण आपल्या वस्तीत लस चुकते ती पुष्कळदा पैशापायीच. लस फुकट, पण दिवस फुकट नाही. घरकाम करणाऱ्या बाया आम्हाला सांगतात, "दादा, रांगेत उभं राहिलं की दोन घरची कामं जातात. रात्री पोराला ताप आला की दुसऱ्या दिवशीचाही खाडा." खोटे नाही ते. एका दवाखान्यात तर आमच्या देखत एका आईला कार्ड आणले नाही म्हणून घालूनपाडून बोलले आणि 'उद्या या' सांगून परत पाठवले. आम्ही तिथल्या तिथे भांडलो. पण भांडून झाले तरी हिशोब उरतोच.

आमच्या घरचा जुना हिशोब सांगतो. देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला १९८५ साली. त्याच्या दहाएक वर्षे आधी आमच्या धाकट्या भावाला पोलिओ झाला. दीड वर्षाचा होता, नुकता धावायला लागला होता. तापाने फणफणला, आणि ताप उतरला तेव्हा उजवा पाय लुळा. आजीने देवीला नारळ बोलला. १९५६ ची दीक्षा घेतलेले घर, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तरी नारळ बोलला!

मग वडिलांचे खाडे सुरू झाले. हॉस्पिटलच्या फेऱ्या, मालिशवाल्याचे पैसे, कॅलिपर. पोर वाढते तसा कॅलिपर बदलावा लागतो, बूटही वेगळा लागतो. आधी प्रॉव्हिडंट फंडातून उचल, ती संपल्यावर व्याजाने. आई खानावळीचे डबे करायची, ते बंद झाले. एवढे तरी वहीत लिहिता येते. खरा मोठा खर्च कुणी लिहिलाच नाही. आमची अक्का पाचवीत होती, वर्गात पहिली यायची. भावाला सांभाळायला तिला शाळेतून काढले. अक्काची शाळा गेली, पुढची नोकरी गेली, तिच्या पोरांचा अभ्यास घेणारी आई गेली. भाऊ हिमतीचा निघाला, घड्याळे दुरुस्त करून पोट भरतो. पण साच्यावर उभा राहू शकला नाही, आणि त्या काळी आमच्याकडे पगार होता तो साच्यावरच. एका पायाचा हा हिशोब पन्नास वर्षे चालू आहे.

२००९ सालीही देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. शेवटचा रुग्ण सापडला १३ जानेवारी २०११ रोजी, हावड्याला. २७ मार्च २०१४ ला आपला देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. आज तुमच्या-आमच्या नातवंडांत कॅलिपरवालं पोर दिसत नाही, म्हणूनच आपण विसरतो. न झालेल्या आजाराची पावती कुणाला मिळत नाही.

शिकलेल्या लोकांनी हाच हिशोब मोठ्या वहीत मांडला आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९४ गरीब व मध्यम उत्पन्नाचे देश घेतले. लसीकरणाच्या एका रुपयामागे औषधपाणी, बुडालेली मजुरी, अकाली मरणाने गेलेली कमाई असे मिळून १६ रुपये वाचतात, असे निघाले. निरोगी आणि लांब आयुष्याची किंमत धरली तर ४४. दुसरा अभ्यास आपल्याच देशातला. १९८५ ते १९९० या काळात लसीकरण जिल्ह्याजिल्ह्यात टप्प्याटप्प्याने पोचले. तान्हेपणी ज्यांना ते मिळाले त्यांचे शिक्षण इतरांपेक्षा सरासरीने इयत्तेच्या पाचव्या हिश्शाएवढे जास्त झाले. ऐकायला चिल्लर वाटते. पण ती सरासरी आहे. पुष्कळांना काहीच फरक पडत नाही, आणि एखाद्या अक्काची पुरी दहावी होते.

गिरणीवाल्यांना हे पूर्वीच कळले होते. १८९६ च्या प्लेगात कामगार मुंबई सोडून पळाले आणि साचे ओस पडले. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन साहेबांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांच्याच नावाची संस्था आपल्या परळला आहे.

आणि बाबासाहेबांचे घर आठवा. पाच लेकरांतला एक यशवंत जगला. राजरत्न १९२६ साली गेला. दोनच वर्षांनी, १९२८ साली, मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेब कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या भत्त्यासाठी उभे राहिले. आईला विसावा मिळणे देशाच्या हिताचे आहे, ही त्यांची भूमिका होती.

आता गोवर. अजूनही आपल्यात 'बाई आली' म्हणून दाराला कडुलिंबाचा पाला लागतो आणि दवाखाना वर्ज्य होतो. गोवर नुसता अंगावर उठून जात नाही. आधी कमावलेली ताकदही शरीर विसरते, म्हणून पुढे दोन-तीन वर्षे पोराचे दुखणे हटत नाही. म्हणजे दोन-तीन वर्षे खाडे. एका रोग्यापासून लस नसलेल्या बारा ते अठरा जणांना तो लागू शकतो, मग दहा बाय बाराच्या खोलीत काय होईल? २०२० च्या टाळेबंदीत कितीतरी बाळांच्या लसी राहिल्या, आणि २०२२ साली मुंबईत, जास्त करून गोवंडीकडे, गोवराने लेकरे गेली. कावीळ 'ब' ची लस जन्मल्यापासून २४ तासांत देतात, तीही सोडू नका. तान्हेपणी शिरलेला तो विषाणू चाळिशी-पन्नाशीत, ऐन कमाईच्या वयात, लिव्हर खातो.

लसीनंतर ताप येऊ शकतो. एक-दोन दिवसांत उतरतो, औषध सिस्टर सांगतात. एखादा डोस राहिला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिला तिथून पुढे देतात. हे माहीत नसल्याने किती जणी लाजून जातच नाहीत.

खाड्यावर आम्ही एक तोड काढली आहे. गिरण्या बंद झाल्यापासून आम्ही पाच-सहा जण घरीच असतो. ज्या घरात आईबापाला रजा मिळत नाही, तिथली आजी किंवा मावशी तयार करा, तिच्यासोबत आमच्यातला एक जण रांगेत उभा राहील. दीड, अडीच, साडेतीन महिने, मग नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुढे दीड व पाच वर्षांच्या सुमारास, या तारखा वहीत उतरवून ठेवणार आहोत. रविवारी वंदनेला येताना बाळाचे कार्ड आणा. हरवले असले तरी या. वही अक्काच ठेवणार आहे. पाचवीपर्यंतचेच शिक्षण, पण अक्षर सुवाच्य आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!