नकाराचे पत्र आल्यावर



पोटापाण्यासाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी महाराष्ट्र सोडला. आता आपली मुले परदेशी जातात. त्यामुळे ‘व्हिसा’ हा शब्द आपल्या माजघरापर्यंत पोहोचला आहे. आज आम्हांस ब्रिटनपुरतेच बोलावयाचे आहे.

आमच्या परिचयातील एका सूनबाईंना तेथे स्थायिक असलेल्या पतीकडे जाण्याचा व्हिसा नाकारला गेला. घरची मंडळी दीड महिना सुन्न होऊन बसली. पत्राच्या अखेरीस अपिलाचा हक्क व २८ दिवसांची मुदत छापलेली होती. ती कोणी वाचलीच नाही. मग विलंबाची कारणे मांडून मुदतवाढ मागणे आले. ती देणे न देणे न्यायाधिकरणाच्या हाती.

राष्ट्रकुलातील नागरिकांना हा अपिलाचा हक्क १९६९ च्या कायद्याने दिला. पुढे तो आक्रसत गेला. नातलगांस भेटावयास जाणाऱ्यांचा पूर्ण अपिलाचा हक्क २५ जून २०१३ पासून संपला. २०१४ च्या कायद्यानंतर अपील मुख्यतः मानवी हक्क व आश्रय यांच्या दाव्यांपुरते उरले. पतिपत्नींचे सहजीवन युरोपीय मानवी हक्क कराराच्या आठव्या कलमात येते. म्हणून सूनबाईंना ते दार उघडे होते.

नोकरी वा शिक्षणासाठी भारतातून केलेला अर्ज फेटाळला गेल्यास बहुधा प्रशासकीय फेरतपासणी मागता येते. तिचीही मुदत २८ दिवसांचीच. तेथे अधिकाऱ्याची चूक दाखवावयाची असते. अर्जासोबत न दिलेले कागद सहसा विचारात घेतले जात नाहीत.

नातवंडाच्या बारशाला निघालेल्या आजीआजोबांची वाट मात्र अरुंद आहे. नकाराची कारणे एकेक करून खोडून काढणारे पुरावे जोडावेत आणि नवा अर्ज करावा, हेच बहुधा श्रेयस्कर. निर्णयच बेकायदेशीर वाटल्यास न्यायालयीन पुनरावलोकन आहे. त्यासाठी विनाविलंब, फार तर तीन महिन्यांत, जावे लागते आणि ते खर्चाचे आहे. खोटा कागद मात्र कदापि जोडू नये; त्यापायी दहा वर्षे दार बंद होऊ शकते.

नकार आला की अपमान वाटतो, आणि माणूस पत्र घडी करून कपाटात ठेवतो. आमची एवढीच विनंती, की पत्र मिळाल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवावी, अखेरचे पान वाचावे आणि मंडळातील जाणत्या वकिलांना दाखवावे. दुःख करावयास पुढे वेळ आहे, अपिलास नाही.